व्यंकन्नाच्या मिरचीचं अपील

वकिलाच्या ओसरीवर चपला आणि किस्से सारखेच जमतात. फरक एवढाच की चपला लोक जाताना घेऊन जातात, कधी आपल्या, कधी दुसऱ्याच्या; आणि किस्से तिथंच टाकून जातात. त्या ओसरीवर बसणारा मी. चांद्याच्या काटकर वकिलांचा मुनशी, झिबल. मुनशी म्हणजे फाइली बांधायच्या, पान आणायचं, अशिलाला पाणी द्यायचं, आणि वकीलसाहेब आत कायदा शोधत असतील तोवर बाहेर अशिलाला घाबरवत ठेवायचं. हे शेवटचं काम मला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते मी आवडीनं करत होतो.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. म्हणजे चौथीच्या दारापर्यंत. आत मास्तर होता, म्हणून मी दारातूनच परतलो. लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर मास्तराला धरा.

तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. राजधानी नागपूर, आणि साहेब लोक जबलपूर-सागरकडचे, हिंदी बोलणारे. विक्रीकर नुकताच आलेला. नव्या जावयासारखी त्याची गत होती; याला काय वाढायचं आणि हा किती दिवस मुक्काम करणार, कोणालाच कळत नव्हतं. काटकर वकील आधी जमिनीचे दावे चालवायचे. टॅक्स आला तसे ते टॅक्सचे वकील झाले, कारण आमच्या भागात टॅक्सचं पुस्तक फक्त त्यांच्याकडं होतं. ते त्यांनी वाचलं होतं का, हे विचारायची हिंमत फक्त त्यांच्या बायकोची होती. त्यांना आम्ही माई म्हणायचो.

*

अपिलाच्या आधी वकीलसाहेब घरी तालीम घ्यायचे. मला खुर्चीत बसवायचे. मी म्हणजे अपिलाचा साहेब. आणि स्वतः काळा कोट घालून समोर उभे राहून मला "हुजूर" म्हणायचे. एवढा मान मला ना सासऱ्यानं दिला, ना सरकारनं.

एकदा एका लाकूड-ठेकेदाराची केस होती. वकीलसाहेब घामाघूम होईस्तोवर बोलले. मी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणालो, "अपील खारीज."

"काऊन रे?"

"बोलता बोलता तुमी दोनदा खिडकीतून पिचकारी मारली. कोर्टाचा अपमान हाये."

आतून माई म्हणाल्या, "झिबल, दंडही लाव त्यांले. वांगे आणा म्हणून कालपासून सांगून राह्यली मी."

मी दंड लावला. वकीलसाहेब कोटासकट बाजारात गेले, वांगी आणली, माईंच्या पुढ्यात ठेवली, आणि परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. "हुजूर, दंड भरला आहे. आता तरी ऐकावं."

मी ऐकलं. पण निकाल राखून ठेवला. वांग्याची भाजी कशी होते ते पाहायचं होतं.

*

मग आला व्यंकन्ना.

व्यंकन्ना धानोऱ्याचा दुकानदार. धानोरा म्हणजे गडचिरोलीच्याही पलीकडं, जंगलातलं गाव. तिथं त्याचं एक दुकान, मिरचीचं. दुकानामागं दोन खोल्या, त्यात त्याचा संसार. तो आमच्या ओसरीवर आला तेव्हा त्याच्या हातात धोतरात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. मला वाटलं, देवाचा फोटो असेल. धोतर सोडलं तर आत खरंच काचेची फ्रेम, वर सुकलेला हार, काचेवर हळदकुंकू. मी हात जोडले. मग नीट पाहिलं तर आत विक्रीकराची नोटीस होती. इंग्रजीत.

वकीलसाहेबांनी फ्रेम हातात घेतली, उलटीसुलटी केली. "हे काय केलं, शेठ?"

"कोतवालानं आणून देल्ला जी कागद. वर सिंहाचा शिक्का. मले वाटलं, सरकार आपल्यावर खूश झालं. गडचिरोलीहून काच आणली अन् दुकानात लावला."

"यात हजर राहायची तारीख होती."

"मी हजरच होतो जी. रोज उदबत्ती लावून राह्यलो होतो."

तारीख उदबत्तीच्या धुरात निघून गेली. व्यंकन्ना आला नाही म्हणून इथल्या टॅक्सच्या साहेबानं अंदाजानं कर ठोकला. अंदाज कसा? साहेब एकदा धानोऱ्याच्या बाजारात गेला होता, व्यंकन्नापुढं मिरचीचा डोंगर पाहिला होता, आणि तो सगळा डोंगर नागपूरच्या भावानं विकला गेला असं त्यानं मनाशी ठरवलं. कर इतका, की दुकान आणि मागच्या दोन खोल्या लिलावात काढल्या तरी फिटणार नाही. लिलावाचा कागद आला तेव्हा कुठं जंगलखात्याच्या गार्डानं तो व्यंकन्नाला वाचून दाखवला.

"तो बी फ्रेम करनार होतो," व्यंकन्ना म्हणाला, "पन गार्ड म्हने, याले हार नोको घालू."

अपिलाला उशीर झालेला. उशिराचं कारण लिहायचं होतं. वकीलसाहेबांनी बराच वेळ फ्रेमकडं पाहिलं आणि लिहिलं, "अपीलकर्त्याने सदर नोटिशीचा पूर्ण आदर केला होता." उशीर माफ झाला.

*

केस उभी राहिली ती व्यंकन्नाच्या एका वाक्यावर. वकीलसाहेबांनी विचारलं, "मिरची कोणत्या भावानं विकता?"

"विकत नाई जी. लोक जंगलातून चारोळी आनतेत. शेरभर चारोळी देतेत, मी टोपलीभर मिरची देतो."

"पैसे?"

"जंगलात पैसे कोनाकडं हायेत जी?"

वकीलसाहेब खुर्चीतून उठले. मला वाटलं विंचू चावला. "झिबल, अरे याच्या मिरचीला किंमतच नाही. किंमत नाही तर विक्री नाही. विक्री नाही तर विक्रीकर कशाचा?" आणि असा मुद्दा सापडल्याच्या आनंदात त्यांनी व्यंकन्नाला स्वतःचं पान खाऊ घातलं.

चारोळी नागपूरच्या आडत्याकडं जायची, तिचा कर तिकडंच भरला जायचा. भांडण फक्त मिरचीचं होतं. आता शेरभर चारोळीला टोपलीभर मिरची हा सौदा कोणाच्या फायद्याचा, ते नागपूरच्या हलवायाला विचारा. व्यंकन्ना काही साधुसंत नव्हता. पण टॅक्सच्या कायद्यात साधुसंतांना सूट आहे असंही मी कुठं ऐकलं नाही.

पंचाईत पुढं झाली. व्यंकन्नानं फी म्हणून कमरेची पिशवी सोडली, तर वकीलसाहेब एकदम मागं सरले. "नोटा काढू नकोस. कोणी पाहिलं तर? तू पैसे वापरत नाहीस, हीच तर आपली केस आहे."

झालं. तेव्हापासून फी चारोळीत. दर खेपेला व्यंकन्ना एक पोतडी आणून ठेवायचा. माईंनी चारोळी खिरीत घातली, लाडवात घातली, मग पोह्यांत घातली, मग खिचडीत. एक दिवस आमटीत चारोळी तरंगताना पाहून वकीलसाहेबांनी मान वर केली, तर माई म्हणाल्या, "मुकाट्यानं जेवा. तुमचीच कमाई आहे."

मी माईंना हळूच म्हणालो, "माई, मिठाचा व्यापारी अशील नाई मिळाला, हे नशीब समजा."

*

अपिलाचे साहेब दुबे नावाचे, जबलपूरचे. पहिली सुनावणी चांद्यालाच लागली. व्यंकन्ना ओसरीवर माझ्याजवळ सरकून बसला. "झिबलभाऊ, साहेबानं काई इचारलं तं काय सांगू?"

मी गंभीर तोंड केलं. "साहेबलोकांले 'नाई' हा शब्द खपत नाई. काई बी इचारो, 'हो जी' म्हनाचं. हात जोडून."

कचेरीत गेल्यावर दुबेसाहेबांनी विचारलं, "क्यों सेठ, दुकान तुम्हारी है?"

"हो जी."

"मिर्ची बेचते हो?"

"हो जी."

वकीलसाहेबांच्या तोंडातला विडा तोंडातच राहिला.

"नगद पैसा लेते हो?"

"हो जी."

"और हिसाब छुपाते हो?"

"हो जी," व्यंकन्ना हात आणखी घट्ट जोडून म्हणाला. दोन खोल्या आणि दुकान डोळ्यांदेखत लिलावाकडं चाललेलं, आणि हा माणूस त्यांना हात जोडून निरोप देत होता.

वकीलसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. ओळखलं. विडा गिळला आणि पुढं झाले. "शेठ, हे समोर बसलेले दुबेसाहेब तुमचे जावई काय?"

"हो जी."

"अन् वैनगंगा नदी तुम्ही खोदली?"

"हो जी."

कचेरीतला शिपाई तोंडावर टोपी धरून बाहेर पळाला. दुबेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "वकील साहब, सच बताइए, यह आदमी सच बोल रहा है या झूठ?"

वकीलसाहेब तोंड उघडणार, त्याच्या आत व्यंकन्ना म्हणाला, "हो जी."

दुबेसाहेब हसले नाहीत. साहेब लोकांना हसायची बंदी असावी. ते एवढंच म्हणाले, की आता कोणाचं काही ऐकायचं नाही, धानोऱ्याचा बाजार मी स्वतः पाहणार. तिथं एका जरी माणसानं मिरचीचे पैसे दिलेले दिसले, तर अपील गेलं. चारोळीचा हंगाम चालूच होता. पुढचा बाजार ठरला.

घरी आल्यावर वकीलसाहेबांनी सगळं माईंना सांगितलं. माईंनी मला ताट वाढलं. आमटीत चारोळी जरा जास्तच होती.

*

जीप एकच. त्यामुळं साहेब, साहेबांचा कारकून, वकील आणि मी एकाच जीपमध्ये. केसबद्दल रस्त्यात बोलायचं नाही असं ठरलं. मग चांदा सोडल्यापासून वैनगंगेच्या घाटापर्यंत दोघं फक्त पोटाच्या तक्रारींवर बोलले. हिरडा रात्री घ्यावा की सकाळी, यावर मात्र दोघांचं जुंपलं. तिथंही वकीलसाहेब अपिलात हरले.

घाटावर दोन डोंगे एकमेकांना बांधून वर फळ्या टाकलेल्या. त्यावर जीप चढवली. डोंगा चालवणारा एक म्हातारा ढिवर. दुबेसाहेबांना पाण्याची भीती. ते जीपचा दांडा धरून बसले आणि मन रमवायला म्हणून ढिवराला विचारलं, "क्यों भाई, इतनी कमाई करते हो, टैक्स देते हो?"

ढिवरानं बांबू थांबवला. ऐन धारेत. डोंगा हळूच गोल फिरायला लागला.

"हिशोब इथीच करू, का पलीकडं जाऊन करू जी?"

"उस पार, भैया," साहेब म्हणाले. "उस पार."

पलीकडं पोचलो. जीप उतरवली, साहेबांनी पायाखाली वाळू चाचपून पाहिली, आणि मागं वळले तर ढिवर पुन्हा नदीच्या मध्यावर.

"जाऊ द्या साहेब," वकीलसाहेब म्हणाले. "अपिलात येईल."

*

धानोऱ्याचा बाजार गावाबाहेर चिंचांखाली भरतो. तिथं कोणी गोंडी बोलतो, कोणी आमची झाडी बोली, आणि व्यंकन्नासारखे काही घरी तेलुगू बोलणारे. एकमेकांचं बोलणं समजायला दिवस जाईल, म्हणून तिथं सौदा तोंडानं होतच नाही. हातानं होतो. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला, की ती मला पाहिजे. त्यानं ती तुमच्यापुढं ओतली, की सौदा झाला. ओतलेलं परत उचलायचं नाही. मग त्याला काय पाहिजे ते तो हात लावून दाखवतो. एवढाच कायदा. त्यात कलम नाही, पोटकलम नाही.

हे दुबेसाहेबांना कोणी सांगितलं नाही. मला माहीत होतं. मी चिंचेला टेकून बसलो.

साहेब उन्हातून फिरत होते. डोक्यावरचा साहेबी टोप घामानं काढून हातात उलटा धरलेला. एका गोंड म्हातारीपुढं चारोळीची टोपली आणि एक शेराचं माप. मापावर सरकारी शिक्का आहे की नाही, हे पाहायला साहेब वाकले आणि मापाला हात लावला.

म्हातारीनं शेरभर चारोळी भरली आणि टोपात ओतली.

"अरे नहीं, नहीं," साहेब म्हणाले. टोप पुढं केला, घे म्हणाले. म्हातारीनं मान फिरवली. मग ती उठली, साहेबांच्या बाहीला धरून त्यांना बाजाराच्या कडेलाच असलेल्या व्यंकन्नाच्या दुकानापर्यंत आणलं, आणि मिरचीच्या टोपलीला हात लावला.

सगळा बाजार गोळा झाला. साहेबांनी खिशातून एक रुपया काढून म्हातारीच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटून पाहिला, दातानं दाबून पाहिला, परत दिला. साहेबांनी दोन दिले. तिनं दोन्ही परत दिले आणि शेजारणीला गोंडीत काहीतरी सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"क्या कहती है?" साहेबांनी कोतवालाला विचारलं.

कोतवाल जरा कचरला. "म्हनते, मागं एकदा असंच कोनं देल्लं होतं. कालवनात घालून पाह्यलं. तिखट होत नाई."

वकीलसाहेबांचा चेहरा दिवाळीसारखा फुलला. "हुजूर, याची नोंद व्हावी."

पण दुबेसाहेब कच्चे नव्हते. त्यांनी परत आलेले ते दोन रुपये व्यंकन्नापुढं धरले. "सेठ, यह तो नहीं लेती. तुम तो लोगे? एक टोकरी मिर्ची दे दो इसको. पैसे मैं देता हूँ."

वकीलसाहेबांचा चेहरा होळीच्या राखेसारखा झाला. सगळ्यांना कळलं काय चाललंय. साहेबांच्या तळहातावर दोन चांदीसारखे रुपये, आणि समोर जन्माचा व्यापारी. व्यंकन्नानं ते घेतले, की मिरचीला किंमत आली. किंमत आली की विक्री आली, कर आला, लिलाव आला. दुकानाच्या दारात व्यंकन्नाची बायको उभी होती, ती दाराच्या चौकटीला धरून राहिली. चौकट आणखी किती दिवस आपली, हे तिलाही माहीत नव्हतं.

मला वाटलं, ओरडून सांगावं. पण त्या बाजारात तोंडाचं चालत नाही.

व्यंकन्ना रुपयांकडं पाहत राहिला. त्याचा हात उठला. रुपयांच्या दिशेनं निघाला. वकीलसाहेबांनी माझा दंड असा आवळला की आजही पाऊस आला की दुखतो. "झिबल, मला धर," ते पुटपुटले.

हात रुपयांवरून पुढं गेला आणि साहेबांच्या कोटाच्या खिशातल्या फाउंटन पेनला लागला.

साहेबांनी एकदा आपल्या हातातल्या रुपयांकडं पाहिलं, एकदा पेनाकडं, एकदा म्हातारीकडं. म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिला उशीर होत होता. शेवटी साहेबांनी रुपये खिशात टाकले, पेन काढलं आणि व्यंकन्नाच्या हातात दिलं. व्यंकन्नानं म्हातारीच्या टोपलीत मिरची ओतली. ती निघून गेली. मागं वळूनही पाहिलं नाही.

व्यंकन्नानं पेन सदऱ्याच्या खिशाला अडकवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला, जणू काही झालंच नाही.

साहेब चिंचेखाली बाजेवर जाऊन बसले. शेजारी चारोळीनं भरलेला टोप. वकीलसाहेब समोर उभे. मग साहेबांनी कारकुनाला जवळ बोलावलं आणि हिंदीत सांगायला सुरुवात केली, की मौक्यावर जाऊन पाहिलं, मिरचीला पैशात किंमत घेतली जात नाही, मी स्वतः देऊन पाहिलं. सबब कर रद्द, लिलाव रद्द, अपील मंजूर. कारकुनानं शिसपेन्सिलीनं लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढं केला.

सही शाईची लागते. साहेबांचा हात कोटाच्या खिशाकडं गेला, आणि रिकाम्या खिशावर थांबला.

व्यंकन्नाला हाक मारली. तो धावत आला, हात जोडून उभा राहिला. पेन त्याच्या सदऱ्यावर उन्हात चमकत होतं. दुकान, दोन खोल्या, चौकट धरून उभी असलेली बायको, सगळं त्या कागदावर एका सहीसाठी अडलेलं. "दे ना रे, दे लवकर," वकीलसाहेब दातांत म्हणाले. व्यंकन्नानं ऐकलं नाही. तो साहेबांकडं पाहत होता.

दुबेसाहेबांनीही त्याच्याकडं पाहिलं. मग ते उठले, हात लांब केला, आणि व्यंकन्नाच्या खिशातल्या पेनला हात लावला.

व्यंकन्नानं पेन काढून साहेबांच्या हातावर ठेवलं. आणि बाजेवरच्या टोपातल्या चारोळीला हात लावून, खांद्यावरचा दुपट्टा खाली पसरला.